भीड भिकेची बहीण : चाळिशीनंतरचा नकार

मराठीत एक जुनी म्हण आहे : भीड भिकेची बहीण. ज्याला कोणालाच ‘नाही’ म्हणवत नाही, त्याच्यावर शेवटी हात पसरण्याची वेळ येते, हा तिचा रोकडा अर्थ. उसने मागायला आलेला नातलग, जामीन राहण्याची गळ घालणारा स्नेही, असे व्यवहार ही म्हण ऐकताना डोळ्यांसमोर येतात. घर सांभाळणाऱ्या स्त्रीकडून मात्र जे मागितले जाते, ते क्वचितच पैशाच्या रूपात असते. तिच्याकडे वेळ मागितला जातो, झोप मागितली जाते, उत्साह आणि हसरा चेहरा मागितला जातो. ‘तू आहेस म्हणून निभावतं’ या एका वाक्यावर ती वीस-पंचवीस वर्षे देत राहते. मग चाळिशी ओलांडल्यावर, पाळीचे चक्र अनियमित होऊ लागलेले असताना, केव्हातरी तिच्या ध्यानात येते की आता देण्याजोगे फारसे शिल्लक राहिलेले नाही.

ज्याला हल्ली ‘पीपल प्लीझिंग’ म्हणतात, त्याला आपल्या भाषेत फार पूर्वीपासून शब्द आहे : भिडस्तपणा. समोरच्याचे मन मोडेल, तो रागावेल, आपल्याला नावे ठेवील, या धास्तीने स्वतःच्या इच्छेविरुद्ध होकार देत राहणे म्हणजे भिडस्तपणा. रजोनिवृत्तीच्या आधीच्या संक्रमणकाळात, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘पेरिमेनोपॉज’ म्हणतात त्या काळात, हा स्वभाव निभावून नेणे अनेक स्त्रियांना एकाएकी अशक्य होऊन बसते. घरातल्यांना दिसते ती केवळ चिडचिड. ही चिडचिड पुष्कळदा उशिरा बाहेर पडलेला नकार असते. आणि तोच नकार वेळेवर, शांत शब्दांत देणे कोणत्याही वयात शिकता येते.

घरात काय दिसते?

पंचेचाळिशीच्या आसपास अनेक घरांतले चित्र सारखेच असते. मुले दहावी-बारावीच्या किंवा नोकरी शोधण्याच्या वयात आलेली, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची दुखणी सुरू झालेली, आणि बाई नोकरी करत असेल तर कार्यालयातली जबाबदारीही वाढलेली. अशात दुपारी नणंदेचा फोन येतो : शनिवार-रविवार सगळे राहायला येतो आहोत. रात्रीची झोप झालेली नसते, कंबर दुखत असते. तरी सवयीने उत्तर जाते, ‘या की, त्यात काय विचारायचं!’ आणि त्याच रात्री ताटाबाहेर सांडलेल्या आमटीवरून ती मुलावर कडाडते. मुलगा गोंधळतो. नवरा म्हणतो, ‘किती चिडतेस हल्ली!’

रागाचे कारण आमटीत नव्हते, दुपारच्या फोनमध्ये होते. नकार एका माणसाला द्यायचा होता. तो पोहोचला दुसऱ्याच माणसाकडे, तोही ओरडण्याच्या रूपात. पुढे पश्चात्ताप होतो, आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी चार कामांना होकार दिला जातो. होकार, घुसमट, स्फोट, पश्चात्ताप आणि पुन्हा होकार, असे हे चक्र फिरत राहते. ‘तिचे वय झाले’, ‘पाळी जायचे दिवस आहेत’ असे म्हणून घर मोकळे होते. त्यात तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे.

शरीरात काय घडते?

रजोनिवृत्ती ही मागे वळून ठरवण्याची गोष्ट आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती झाली असे मानतात. पाश्चात्त्य देशांत ती सरासरी ५१ व्या वर्षी येते. भारतीय स्त्रियांत त्याहून लवकर, साधारण ४६-४७ व्या वर्षी. त्याआधीचा संक्रमणकाळ बहुधा चारेक वर्षांचा असतो. मात्र काहींच्या बाबतीत तो काही महिन्यांत आटोपतो, तर काहींच्या बाबतीत आठ-दहा वर्षेही लांबतो. म्हणजे आपल्याकडे अनेकींना त्याची चाहूल चाळिशीच्या उंबरठ्यावरच लागते.

या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक हळूहळू उतरत जाते, असा समज आहे. प्रत्यक्षात ते आधी हिंदकळते. काही आठवडे ते नेहमीपेक्षाही अधिक असते, तर काही आठवडे एकदम खाली येते. मन:स्थितीशी निगडित असलेल्या सेरोटोनिनसारख्या मेंदूतील रसायनांच्या कामावर इस्ट्रोजेनचा प्रभाव असल्याने, हे हेलकावे मनालाही जाणवतात. दुसरे संप्रेरक प्रोजेस्टेरॉन. बीजांड बाहेर पडल्यानंतरच ते पुरेशा प्रमाणात तयार होते. आणि संक्रमणकाळात बीजांड बाहेर न पडणारे महिने वाढत जातात. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्ननोलोन नावाचे एक द्रव्य बनते. मेंदूतील चेतापेशींची उत्तेजना आवरून धरणारी ‘गाबा’ नावाची जी यंत्रणा आहे, तिला ते बळ देते. ही साथ कधी मिळते, कधी मिळत नाही.

तिसरी गोष्ट झोपेची. अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घामाने भिजून जाग येणे, पहाटे तीनला डोळे उघडले की पुन्हा न मिटणे, ही या काळातील सर्वपरिचित लक्षणे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तीन हजारांहून अधिक मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा ‘स्वान’ हा अभ्यास प्रसिद्ध आहे. गरम वाफांचा त्रास ज्यांना वारंवार होत होता, त्यांच्यापैकी निम्म्याजणींत तो सात वर्षांहून अधिक काळ टिकला, असे त्यात आढळले. नैराश्याच्या लक्षणांचा धोकाही या संक्रमणकाळात वाढतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

आता या शारीरिक बदलांचा भिडस्तपणाशी संबंध काय? इस्ट्रोजेन ओसरले की स्त्रीची मायाही ओसरते, असे एक चटकदार विधान अलीकडे ऐकू येते. त्याला भक्कम शास्त्रीय आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. दुसऱ्याचे मन राखणे हे स्वतःच एक कष्टाचे काम आहे. आलेला शब्द गिळणे, चेहरा प्रसन्न ठेवणे, घरातल्या सहा जणांच्या सहा आवडी लक्षात ठेवणे, कोण कशाने दुखावेल याचा आधीच अंदाज घेणे, या सगळ्याला स्मरणशक्ती आणि संयम लागतो. आणि ही दोन्ही झोपेवर चालतात. झोप मोडली, मनाला शांत करणारी साथ डळमळीत झाली, की हे काम सर्वांत आधी कोलमडते. वर्षानुवर्षे जो भार ती उचलत होती, तो तेवढाच राहतो. उचलण्याची ताकद तेवढी घटते.

मन राखण्याचे शिक्षण

हा भार नेमका किती, याचे एक मोजमाप आपल्याकडे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा विनामोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे पाच तास विरुद्ध दीड तासाहून थोडे अधिक. आजारी माणसांची व मुलांची काळजी घेण्याचा वेळ यात धरलेला नाही. त्यातही स्त्रियांची १३४ मिनिटे आहेत आणि पुरुषांची ७६.

घड्याळात मोजता न येणारे काम तर कोठेच नोंदले जात नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. समोरच्याला बरे वाटावे म्हणून स्वतःची भावना दाबून दुसरी चेहऱ्यावर आणणे हेही श्रमच आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. विमानसेविकेला निदान त्याचा पगार मिळतो.

आपल्याकडे या श्रमांचे प्रशिक्षण लहानपणीच सुरू होते. ‘सोशिक’ हे विशेषण मुलीच्या स्थळाच्या माहितीत गुण म्हणून येते, मुलाच्या माहितीत ते सहसा येत नाही. ‘उलट उत्तर देऊ नये’, ‘मोठ्यांचे मन मोडू नये’, ‘आलेल्याला विन्मुख पाठवू नये’ ही शिकवण वाईट नाही. पण ती घरातल्या सर्वांना सारखी दिलेली नसते. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून शेवटी उरलेसुरले पानात घेणारी आई ज्या मुलीने पाहिली, तिला पुढे स्वतःचे पान आधी वाढून घेताना चोरी केल्यासारखे वाटते. चाळिशीत नकार देताना तोंडातून शब्द का फुटत नाही, याचे उत्तर त्या पानापाशी आहे.

येथे एक भेद मात्र स्पष्ट असावा. आपल्या माणसांसाठी कष्ट घेणे, पाहुण्यांचे आनंदाने करणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे म्हणजे भिडस्तपणा नव्हे. प्रेमाने दिलेला होकार माणसाला थकवतो, पण कडू करत नाही. धास्तीने दिलेल्या होकारानंतर मात्र मनात हिशेब सुरू होतो : मी इतके केले, माझे कोणी काय केले? हा हिशेब मनात वारंवार घोळू लागला, की आपले कोणते होकार मनापासूनचे नव्हते, हे तपासण्याची वेळ आली असे समजावे.

गिळलेले शब्द आणि हृदय

न बोलता सोसण्याची किंमत शरीर मोजते काय, याचा शोध संशोधकांनी घेतला आहे. मानसशास्त्रज्ञ डॅना जॅक यांनी नैराश्याने ग्रासलेल्या स्त्रियांशी बोलून १९९१ मध्ये ‘स्वतःला गप्प करणे’ या प्रवृत्तीवर ग्रंथ लिहिला. नाते टिकावे म्हणून स्वतःचे मत, राग आणि गरजा दडपत जाणे, आणि त्यातून नैराश्याकडे सरकणे, अशी त्यांची मांडणी होती.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. हृदयविकाराची कारणे शोधण्यासाठी तेथील रहिवाशांचा पाठपुरावा १९४८ पासून चालू आहे. त्याच्या पुढच्या पिढीतील सुमारे दीड हजार विवाहित स्त्रियांची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पतीशी मतभेद झाल्यावर आपल्या भावना नेहमी स्वतःपाशीच ठेवणाऱ्या स्त्रियांत, बोलून दाखवणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, पुढील दहा वर्षांतील मृत्यूचा धोका चौपट आढळला. पुरुषांमध्ये असा संबंध दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये पिट्सबर्ग येथील संशोधकांनी चाळीस ते साठ वयोगटातील जवळपास तीनशे स्त्रियांच्या मानेतील रक्तवाहिन्या तपासल्या. स्वतःला गप्प ठेवण्याची सवय जितकी अधिक, तितकी त्या वाहिन्यांत मेदाचा थर असण्याची शक्यता अधिक, असे त्यांना दिसले.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळेच दुसरी घडली, असे या निरीक्षणांवरून सिद्ध होत नाही. गप्प राहणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात इतरही ताण असू शकतात. तरीही रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधील हृदयविकाराचा धोका वाढतो हे निर्विवाद असताना, ही निष्पन्ने दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत.

नकाराचा सराव

भिडस्तपणा ही दीर्घकाळाची सवय आहे. ती एका निश्चयाने सुटत नाही, सरावाने सैल होते. पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी नोंदीची. घरखर्चाच्या वहीत मागची दोन पाने राखून ठेवावीत. आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहाव्यात : कोणी काय मागितले, मी काय म्हटले, आणि मला काय म्हणायचे होते. सोबत पाळीची तारीख आणि झोपेचे तास टिपावेत. ही नोंद दोन महिने ठेवली, तर कोणत्या माणसापुढे आपला शब्द अडतो आणि कोणत्या दिवसांत सहनशक्ती कमी असते, हे दोन्ही डोळ्यांसमोर येते. हीच वही पुढे डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

दुसरी पायरी थांबण्याची. भिडस्त माणसाचा होकार विचाराच्या आधी तोंडातून बाहेर पडतो. म्हणून मागणी आणि उत्तर यांच्यामध्ये थोडे अंतर ठेवावे. ‘संध्याकाळी सांगते’, ‘घरी बोलून कळवते’, ‘उद्या बघून सांगते’ यांपैकी एक वाक्य पाठ करून ठेवावे. उत्तर होकाराचेच असले, तरी ते दुसऱ्या दिवशी द्यावे.

तिसरी पायरी लहान नकाराची. सुरुवात सासूबाईंपासून किंवा साहेबांपासून करू नये. भाजीवाल्याने आग्रहाने पुढे केलेली जास्तीची जुडी, सोसायटीच्या ग्रुपवर ‘तुम्हीच यादी कराल ना?’ असे विचारणारा निरोप, भिशीच्या मैत्रिणींचा नको असलेला बेत, अशा ठिकाणी सराव करावा. येथे नकाराने फारसे बिघडत नाही, आणि आकाश कोसळत नाही याचा अनुभव जमा होतो.

चौथी पायरी शब्दांच्या काटकसरीची. नकारासोबत पाच कारणे दिली, की समोरचा एकेका कारणावर तोड सुचवतो आणि शेवटी होकार द्यावाच लागतो. खोटे कारण तर मुळीच देऊ नये. ते सांभाळण्याचे काम नव्याने वाढते. ‘मला या वेळी जमणार नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे. पुन्हा विचारले, तर तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणावे.

नकार म्हणजे नेहमीच पूर्ण नकार असेही नाही. काही काम घेऊन बाकीचे सोडता येते, पुढे ढकलता येते, दुसऱ्याकडे सोपवता येते. नमुन्यादाखल काही प्रसंग पाहू.

गौरी-गणपतीच्या आधी सासूबाईंशी : ‘आई, गौरी यंदाही आपल्याकडे थाटात बसतील. पण सोळा भाज्या आणि पुरणाचा स्वयंपाक मी एकटी करणार नाही. पुरणपोळ्या बाहेरून सांगू, भाज्या जाऊबाई आणि मी वाटून घेऊ. तुम्ही म्हणाल तसा नैवेद्याचा क्रम ठेवू.’ यात परंपरा मोडलेली नाही, वडीलधारेपणाचा मानही राखला आहे. फक्त ओझे वाटले गेले आहे.

राहायला येणाऱ्या नणंदेशी : ‘ताई, तुम्ही याच, मला आवडेल. पण सध्या माझी झोप होत नाही, त्यामुळे या खेपेला दोन दिवसांऐवजी रविवारी जेवायला या.’

कार्यालयात, ‘निरोपसमारंभाचं तुम्हीच बघा, तुम्ही छान करता’ असे म्हणणाऱ्या वरिष्ठांशी : ‘सर, मागचे तीन समारंभ मी केले. या वेळी दुसऱ्या कोणाकडे द्या. काय काय लागतं त्याची यादी मी त्यांना देईन.’ स्तुतीच्या वेष्टनातून आलेले काम ओळखायला शिकणे, हा या सरावाचा महत्त्वाचा भाग आहे.

आणि नवऱ्याशी, रागाच्या भरात नव्हे तर निवांत वेळी : ‘मला हल्ली रात्री तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. सकाळचे डबे आता रोज माझ्याने होणार नाहीत. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही बघा.’

अपराधी वाटते तेव्हा

पहिल्या काही नकारांनंतर छातीत धडधडते, रात्री झोपताना तोच प्रसंग आठवतो, फोन करून ‘बरं, करते मी’ म्हणावेसे वाटते. ही अपराधी भावना आपण चुकल्याचा पुरावा मानू नये. जुनी सवय मोडताना होणारी ती अस्वस्थता असते. ती चढते, काही वेळ टिकते आणि उतरते. त्या काळात नकार मागे न घेता थांबता आले, तर पुढच्या वेळी ती थोडी कमी चढते. तेवढ्या वेळापुरते चालायला जावे, मैत्रिणीशी बोलावे, किंवा दीर्घ श्वास घेत दहा मिनिटे बसावे.

काही माणसे दुखावतील, हेही गृहीत धरावे. वीस वर्षे जो होकार विनासायास मिळत होता तो थांबल्यावर कोणाला आश्चर्य वाटेल, कोणी ‘हिला शिंगे फुटली’ असे म्हणेल. बहुतेक नाती एवढा धक्का सोसतात. याउलट, इतकी वर्षे कोंडलेले सारे एकाच दिवशी बोलून टाकण्याचा मोहही टाळावा. सलग चार रात्री झोप झालेली नसताना नोकरी सोडणे, नाते तोडणे, असे मोठे निर्णय घेऊ नयेत. नोंदवहीत ते लिहून ठेवावेत आणि बऱ्या दिवसांतही तेच वाटते का, ते पाहावे.

डॉक्टरांसमोरची भीड

भिडस्त स्त्री दवाखान्यातही भिडस्तच असते. ‘डॉक्टरांना कशाला त्रास’, ‘एवढं काही नाही’ असे म्हणत ती लक्षणे लपवते, आणि सांगितलेल्या उपचाराला प्रश्न न विचारता मान डोलावते. थकवा आणि चिडचिड यांची इतर कारणे आधी तपासून घेतली पाहिजेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. थायरॉइडच्या बिघाडाची लक्षणेही या काळातील लक्षणांसारखीच भासतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. पाळीत फार रक्तस्राव होणे, दोन पाळ्यांमध्ये रक्त दिसणे, किंवा १२ महिने पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, यांपैकी काहीही घडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

गरम वाफा, निद्रानाश आणि खालावलेली मन:स्थिती यांवर उपचार आहेत. कोणाला संप्रेरक उपचार लागू पडतात, कोणाला संप्रेरकविरहित औषधे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही मानसोपचार पद्धतीही उपयुक्त ठरते. आपल्यासाठी काय योग्य, हे प्रकृती आणि पूर्वेतिहास पाहून डॉक्टरांसोबत ठरवावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो स्वभावाचा दोष समजून सोसत राहू नये. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असा सल्ला मिळाल्यास तर प्रश्न विचारलेच पाहिजेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या शासकीय समितीला २०१९ मध्ये असे आढळले, की सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते, अनेकींचे तर तरुण वयातच. त्यामागे गरिबी आणि बुडणाऱ्या मजुरीची भीती होती. त्याला भिडस्तपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या स्त्रीला प्रश्न विचारण्याची मोकळीक आहे, तिने ती वापरावी : शस्त्रक्रियेची गरज नेमकी कशासाठी? आधी औषधाने पाहता येईल का? बीजांडकोश काढणार की ठेवणार? कारण तेही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

जेथे नकार सुरक्षित नाही

वर सांगितलेले सारे उपाय एक गोष्ट गृहीत धरतात : नकार दिल्यावर समोरचा फार तर रुसेल. ज्या घरात नकारानंतर हात उगारला जातो, पैसे बंद केले जातात किंवा घराबाहेर काढण्याची धमकी मिळते, तेथे बाईचे गप्प राहणे ही तिने स्वतःच्या बचावासाठी निवडलेली वाट असते. तिला ‘स्पष्ट बोलायला शिक’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. अशा वेळी आधी विश्वासातील माणूस आणि कायदेशीर मदत शोधावी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा, त्याअंतर्गत नेमलेले संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांची माहिती प्रत्येकीकडे असावी. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही मालकिणीला नकार देणे महागात पडू शकते; तिचे वय आणि तिची झोप लक्षात घेणे, हे काम देणाऱ्या घराचे कर्तव्य आहे.

घरातल्या इतरांसाठी

हा लेख पतीने, मुलांनी आणि सासूबाईंनीही वाचावा. सासूबाई स्वतः या वाटेने गेल्या आहेत. त्यांच्या वेळी त्याला नाव नव्हते, एवढाच फरक. ‘आम्ही नाही का केलं?’ या प्रश्नाऐवजी ‘मलाही तेव्हा असंच व्हायचं’ असे एकदा म्हटले, तर सुनेला मोठा आधार मिळेल.

तिने नकार दिला, तर तो पहिल्याच वेळी ऐकावा. शांत नकाराकडे दुर्लक्ष झाले, की बाईला ओरडण्यावाचून पर्याय उरत नाही. आणि मग घर म्हणते, ही ओरडतेच. तिचे बोलणे पटले नाही तर तसे सांगावे, पण त्याचे खापर पाळीवर फोडू नये. रात्री जाग येत असेल, तर सकाळचा चहा आणि डबे दुसऱ्याने पाहावेत.

कामे वाटून घेताना एक पथ्य पाळावे. ‘काय करू सांग’ असे विचारणाऱ्याला सांगण्याचे काम तिच्याकडेच राहते. गॅस सिलिंडरची नोंदणी, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलीच्या परीक्षेचे शुल्क, यांपैकी एखादे काम घेतले, तर त्याची आठवण ठेवण्यासकट घ्यावे. महिना संपला, गोळ्यांची पट्टी संपत आली, हे तिच्या आधी दुसऱ्या कोणाच्या लक्षात आले, तर त्या दिवशी तिच्या डोक्यावरचे एक ओझे खरोखरच उतरले असे म्हणता येईल.